बाच्या सदऱ्यांची गोधडी

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागली तेव्हा बाने माझी बॅग आधीच खिडकीतून सीटवर टाकून ठेवली होती. याडी, म्हणजे माझी आई, खाली उभी होती. पदर दातात धरून ती माझ्याकडे नाही, गाडीच्या चाकाकडे बघत होती.

"पोरगी पानिपताले चालली," बा कंडक्टरला म्हणाला. "तिथून मराठी मानूस वापस येत नाई म्हनते."

कंडक्टर हसला, बासुद्धा हसला. याडी हसली नाही.

संगीता, तू माझी धाकटी बहीण, तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते. तुझ्यासाठी, आणि आपल्या बंजारा तांड्यावरून पुण्याला, सुरतेला गेलेल्या त्या सगळ्यांसाठी, जे फोनवर "इकडे मस्त चाललंय" एवढंच सांगतात.

मी दहा वर्षांची असल्यापासून याडीच्या गोधड्या आधी माझ्या गणिताच्या वहीत व्हायच्या. ती अंगणात एक चौकोन मांडायची, चार तिकोनी तुकड्यांचा, दोन लाल, दोन पांढरे. मी तोच चौकोन वहीत आडवा सहादा, उभा आठदा काढायचे. एका बाजूने फिरवला की भिंगऱ्या दिसायच्या, दुसऱ्या बाजूने फिरवला की डोंगरांची रांग. तुकडे तेच. याडी वही लांब धरून बघायची. "हे डोये फिरवते. दुसरं काढ." ती आपल्या बोलीत बोलायची, पण शाळेची वही हातात असली की का कोण जाणे, मराठीत. गोधडीचं बोलणं पुढेही मराठीतच राहिलं.

त्याच वह्यांच्या जोरावर यवतमाळला डिझाइनचा कोर्स केला आणि पानिपतला रजया बनवणाऱ्या एका फॅक्टरीत नोकरी लागली. तिथे चौकोन एकदाच काढायचा. बटण दाबलं की पडदाभर रिपीट. लाल संपत नाही, पांढरा संपत नाही, हवा तो रंग कार्डावर दाखवायचा, कापड रंगून येतं. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू. तरी पहिल्या वर्षात मी तीन खोल्या बदलल्या. एकीत ऊन नव्हतं, दुसरीत फार होतं, तिसरीचं कारण आता आठवतही नाही. रविवारी गच्चीवर येरझाऱ्या घालायचे. खालच्या काकू विचारायच्या, "बेटा, किसी का इंतज़ार है?" कोणाचाच नव्हता. दिग्रसला असताना कधी निघते असं व्हायचं, आणि इथे येऊनही तसंच होत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात बा गेला. ऊसतोडीला गेला होता, फडातच छातीत दुखलं. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. चेहरा बघायला मिळाला नाही.

महिन्याभराने याडीने तुझ्याकडून फोन लावून घेतला. "तुह्या बापाचे पाच सदरे अन् दोन धोतरं हायेत. तू गोधडी काढ. शिवीन मी."

तू शाळेच्या पट्टीने सगळं कापड मोजून फोटो पाठवलेस. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डिझाइन केलं. निळ्या रेघांच्या सदऱ्याच्या भिंगऱ्या, मध्ये धोतराचा पांढरा. सुंदर दिसत होतं. पडद्यावरचं माप वाचून तुला पाठवलं, आणि याडीने एका दुपारी सगळे सदरे कापले.

शिलाईत जाणारं कापड आमचा कॉम्प्युटर कापायच्या वेळी आपोआप धरतो. पडद्यावर दिसतं ते शिवून झाल्यावरचं माप. याडी हाताने कापणार, म्हणून शिलाईचं कापड मला वाढवून धरायचं होतं. मी धरलं नाही.

"बाई, चौकोन मांडून पाह्यले, गोधडी लहान होऊन राह्यली," तू फोनवर म्हणालीस. "पाय उघडे पडतीन."

मागून याडीने फोन घेतला. "काही नाई. तू आपलं काम कर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बाचे आणखी सदरे कुठून आणणार होते मी? सहा दिवसांची सुट्टी घेतली. त्यातले चार प्रवासात गेले.

घरी अठ्ठेचाळीस चौकोन एकावर एक रचून ठेवले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर याडीनेच विचारलं, "शिलाईत कपडा जाते, तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मंग काहून?"

दोन वर्षांत मी हातात सुई धरली नव्हती, हे तिला सांगायची लाज वाटली.

मग आम्ही तिघी ओसरीत बसलो. मी खडूने फरशीवर नवीन आखणी केली: मध्ये बाचे चौकोन, भोवती हातभर रुंद काठ. याडीने आपलं जुनं लुगडं काढलं, तू शाळेचा जुना ड्रेस दिलास. तीन बाजू भरल्या. चौथ्या बाजूसाठी मी बॅगेतून माझा जांभळा कुर्ता काढला.

याडीने तो चिमटीत धरून बघितला. "हे नवं हाय."

"असू दे ना."

"नाई. नवा कपडा जुन्याले ओढते. फाडते."

"मग माझं जुनं काय आहे घरात?"

तू पेटी उघडलीस. माझं काहीच नव्हतं. जाताना मी अर्धं नेलं होतं आणि अर्धं वाटून टाकलं होतं.

"घाल हे," याडी म्हणाली आणि कुर्ता माझ्या मांडीवर ठेवला. "जुनं झालं का घेऊन ये."

तिने तीन बाजू शिवल्या आणि चौथी तशीच सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघाले.

परत येऊन तिथे राहीन असं आता मला वाटत नाही, संगीता, हे कबूल करते. इथेही पाय ठरत नाहीत. पण इथल्या मुली घराबद्दल विचारतात तेव्हा मला गाव आठवत नाही, ती न शिवलेली हातभर बाजू आठवते. तेवढी जागा माझी आहे, आणि ती कोणी दुसऱ्या कापडाने भरलेली नाही. डिझाइन करताना मी हल्ली आधी विचारते, कापड किती आहे? साहेब हसतात.

कुर्ता मी एक दिवसाआड घालते. याडीला सांग, कोपरांपाशी विरायला लागलाय.