मला सोडून सगळ्यांना विचारलं

"तुमची गर्भाची पिशवी काढलेली आहे. तुम्हाला ठाऊक नाही?"

रत्नागिरीत नव्यानं आलेल्या लेडी डॉक्टर मला तपासून हात धुता धुता असं म्हणाल्या. मी टेबलावरून उतरून लुगडं सावरत होते. खरं सांगते, मला हसू आलं. अंगातली वस्तू कुणी काढून नेली आणि ज्याचं अंग त्यालाच पत्ता नाही, असं कुठं होतं का?

त्या हसल्या नाहीत. त्यांनी इंग्रजी शब्द सांगितला, हिस्टरेक्टमी, आणि मग मराठीत समजावलं. मूल जिथं वाढतं ती पिशवी शस्त्रक्रिया करून काढून टाकायची, त्याला हे नाव. "तुमच्या बाळंतपणात झालेलं दिसतं. यापुढे मूल होणार नाही. कुठल्याही औषधानं नाही."

माझी शेवंती तेव्हा शाळेत जायला लागली होती. म्हणजे इतकी वर्षं मी नसलेल्या पिशवीला काढे पाजत होते.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या बायांसाठी. चौथीपर्यंत शिकलेय, लिहिण्यात चुका असतील तर पोटात घाला. माझी कहाणी मलाच अजून नीट उलगडलेली नाही, तेव्हा तुम्हाला सगळं सुतासारखं सरळ करून सांगेन अशी आशा धरू नका.

आमचं गाव पालीपासून आत, डोंगराच्या अंगाला. मालक, म्हणजे माझे यजमान, मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी जाणार होते, पण आई तापानं आजारी पडली म्हणून सासरीच राहिले. कळा सुरू झाल्या त्या थांबेनात आणि मूलही येईना. सुईणीनं आपल्या परीनं सगळं केलं. पोट चोळलं, हात घातला, शेवटी ती बिचारी माझ्याबरोबर रडायला लागली.

मग मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवीला कौल लावला. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. प्रश्न होता, सुनेला रत्नागिरीला न्यावं का? उजवी पडली. मला डोलीत घालून पालीपर्यंत आणलं आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं पुढं नेलं. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला तोंडपाठ आहे.

डॉक्टरांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांचं स्वतःचं लहानसं इस्पितळ होतं, माणूस हुशार म्हणून नावाजलेला. त्यांनी मला तपासलं आणि विचारलं, "हिच्याबरोबर माणूस कोण आहे?" मामंजी दारात उभे राहिले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "सिझेरियन करावं लागेल, म्हणजे पोट उघडून मूल काढायचं. चालेल?"

मामंजी म्हणाले, "देवीनं उजवा दिलान हाय. तुमी करा."

मी तिथंच होते हो! शुद्धीवर होते. मला सगळं ऐकू येत होतं. देवीला विचारून झालं, मामंजींना विचारून झालं, पण ज्या पोटाचं बोलणं चाललं होतं त्या पोटाच्या धनिणीकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. नर्सनं क्लोरोफॉर्मचा कपडा नाकावर धरला. क्लोरोफॉर्म म्हणजे गुंगी आणणारं औषध, गोडसर वास येतो. मी म्हटलं, "थांबा." ती म्हणाली, "बोलू नका, श्वास घ्या."

तो "थांबा" कशासाठी होता, ते मला आजही सांगता यायचं नाही. नको म्हणायचं नव्हतं. बहुधा काय करणार ते कुणीतरी माझ्या तोंडावर सांगावं, एवढंच हवं होतं.

जागी झाले तेव्हा शेवंती कुशीत होती. मग ताप भरला. डॉक्टर रोज सकाळी यायचे, टाके बघायचे, "ऑल राइट" म्हणायचे आणि निघायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "काय काय केलंत?" ते मामंजींकडे वळून म्हणाले, "सुनेला सांगा, काळजी करू नको." मामंजींनी मान हलवली. मला वाटलं, काळजीचं काही नसेल.

घरी आले ती कोड्यात पडायलाच. माझी पाळी परत आलीच नाही. आधी सगळ्या म्हणाल्या, अंगावर पाजते आहे म्हणून. शेवंतीचं दूध सुटलं तरी नाही. मग म्हणाल्या, बाळंतपणात वारं शिरलं. काढे झाले, शेक झाले, कडू चूर्णं झाली. मधूनच सासूबाईंना वाटायचं की दिवस राहिले, की लगेच माझ्या हातातली पाण्याची कळशी काढून घ्यायच्या. चार महिने लाड व्हायचे आणि पोट काही वाढायचं नाही, की कळशी परत माझ्या डोक्यावर. मीही फसायचे. पोटात वायू धरला तरी मला मूल फिरल्यासारखं वाटायचं. आता सांगायला हसू येतं, तेव्हा न्हाणीत बसून रडायचे.

आणि कौल? मुलगा होईल का म्हणून देवीला विचारलं, उजवा. पुढच्या वर्षी विचारलं, उजवा. गुरव खूश, सासूबाई खूश. मी चांदीच्या पाळण्याचा नवस बोलून बसले.

अखेर सासूबाईंचा धीर सुटला. "माज्या पोरग्याचा वंश बुडवायचा काय?" असं येता जाता ऐकवू लागल्या. देवरूखकडची एक मुलगी बघून झाली. आता शिमग्याला मालक आले की सवत घरात येणार हे ठरल्यातच जमा होतं. जीव टांगणीला लागला, म्हणून मी धाकट्या भावाला बरोबर घेतलं आणि लेडी डॉक्टरांची पायरी चढले. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

त्या दिवशी मी तशीच उठून जुन्या डॉक्टरांकडे गेले. भाऊ नको नको म्हणत होता. डॉक्टरांना मी आठवले, हे कबूल करायला हवं. ते म्हणाले, "पिशवी सेप्टिक झाली होती. सेप्टिक म्हणजे आत विष पसरलेलं. काढली नसती तर तू गेली असतीस. तुझ्या सासऱ्यांना विचारूनच काढली."

"मला का नाही विचारलंत?"

"तेव्हा तू गुंगीत होतीस. आणि त्याआधी तरी कळा देणाऱ्या बाईला काय विचारायचं? तू घाबरली असतीस. विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

मी विचार केला आणि म्हटलं, "हो म्हटलं असतं."

"मग फरक काय पडला?"

 फरक पडला होता, हाडापर्यंत पडला होता, पण तो शब्दांत सांगता येईना. मला त्यांचा राग आला आणि राग करावा की पाया पडावं हेही कळेना. परत जाऊन लेडी डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काढणं जरूर होतं की नव्हतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्हाला न सांगणं ही चूक होती. त्याबद्दल मला शंका नाही."

मामंजींशी मी कधी समोर उभी राहून बोलले नव्हते. त्या संध्याकाळी दाराआडून बोलले. "डॉक्टरांनी पिशवी काढली हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "डाक्तर भायेर येवन् म्हनला, पिशवी सडलीय, काढली नाय तर पोर जगायची नाय. मी म्हटला, काढा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सासऱ्यानं सुनंला असला काय सांगायचा गो?" त्यांचा आवाज फाटला. "आनि तुज्या सासूला सांगितला असता तर दुसऱ्या दिशी तुजी सवत आनलीन असती."

म्हणजे त्यांनी मला सांभाळलंच होतं. मग माझा गोंधळ आणखी वाढला. मी विचारलं, "सगळं माहीत असून देवीपाशी नातू कसा मागितलात?"

"देवीनं उजवा दिलान ना! मला वाटला, डाक्तर काढतो म्हनला, पन काढली नसंल."

 मी दारामागे, ते ओसरीवर, दोघंही त्याच चिखलात रुतलेले. कौल खोटा म्हणायची माझी छाती नाही आणि डॉक्टरीणबाई खोट्या म्हणायची सोय नाही.

बायांनो, एवढं मात्र सांगते. घरच्या पुरुषाला लाज वाटेल, डॉक्टरला घाई असेल, तर तुम्ही विचारा. काय काढणार, काय राहणार, पुढं काय होणार, ते तुमच्या तोंडावर वदवून घ्या. आणि अंगात काही बदललं तर वर्षानुवर्षं काढे पीत बसू नका, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. देवाच्या दयेनं आता लेडी डॉक्टर मिळतात. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत.

शिमग्याला मालक आले. मी परसात काजूच्या बिया भाजत होते तेव्हा ते येऊन बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी इंग्रजी नावासकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "देवरूखवाले जबाब मागतायत. आई म्हनते, पोरगी चांगली हाय. तुजा काय म्हनना?"

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, मागं मामंजी येऊन उभे राहिले असतील.

"तुलाच इचारतोय," ते म्हणाले.

 कुणी विचारलं नाही म्हणून इतके दिवस तणतणत होते आणि विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. बिया करपायला लागल्या. शेवटी म्हटलं, "नको."

"का?"

कारण काही तयार नव्हतं. म्हटलं, "मला नको म्हणून नको."

ते उठून पुढच्या दारी गेले. त्यांना आईवडिलांशी बोलताना मी ऐकलं, "तिला नको हाय. देवरूखला तसा कळवा." सासूबाईंनी आवाज चढवला. तेही चढवून पुन्हा तेच म्हणाले, "सांगितला ना, तिला नको हाय."

आणि मी तिथं परसात बसून हुंदके देऊन रडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा रडले नव्हते, मामंजींशी बोलले तेव्हाही नाही. माझी पिशवी गेली, तिचं रडू मला त्या दिवशी आलं.