मधल्या पायरीचे गोटे

दहावीच्या सराव परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन शाल्मली घरी येते, दप्तर भिरकावते आणि भरदुपारी फरशीवरच आडवी होते. उशाशी कुमुदआत्याचे चाळीस गोटे मांडलेत, लख्ख, चकचकीत. पंखा गरगरतोय. डोळा लागतोय न लागतोय तोच आत्या म्हणते, "पाय बाजूला घे गं, थर दिसत नाहीये."

आत्याला जाऊन दोन महिने झालेत. स्वप्नात हे कोण मनावर घेतं?

समोर नदीची दरड उभी आहे. अकरा वर्षं आत्या दर रविवारी इथे यायची. नदी खोल खोल कापत गेली आणि काठावर पायऱ्या सोडून गेली. सगळ्यात वरची ती सगळ्यात जुनी. बाकीचे अभ्यासक म्हणत, पायऱ्या दोनच. आत्या म्हणायची, मध्ये तिसरी आहे, तिचे गोटे पिवळ्या चिकट मातीत रुतलेत. हे चाळीस गोटे म्हणजे तिचा सगळा पुरावा. प्रत्येकावर शाईने लिहिलेलं: पायरी कोणती, थर कोणता, आणि पाणी कुठून येत होतं त्याचा बाण.

"आत्या, एक सांगायचंय."

"पेपर बुडाला?"

"पेपर झकास गेला. मी गोटे धुतले." शाल्मली एका दमात बोलून टाकते. "तेराव्याला माणसं येणार होती. तुझ्या वस्तू छान दिसाव्यात म्हणून. साबण लावून, घासणीने. शाई सगळी निघून गेली."

आत्या हसत सुटते. "तुझी आजी जन्मभर हेच सांगत होती मला. आधी ते दगड धू, मग घरात आण."

दरडीच्या पायऱ्या म्हणजे आता शाळेचा जिना आहे. दोघी चढतायत. आत्या ओच्यातून एकेक गोटा काढून पुढे धरते.

"हा कुठला?"

"वरचा."

"आणि हा?"

"मधला. नाही, थांब, खालचा."

"अंदाजपंचे."

"मग तू सांग ना. तुझेच आहेत."

आत्या गोटा उलटासुलटा करते. बराच वेळ. चष्मा पुसते, पुन्हा बघते. "नाही गं सांगता येत. गोटा कुठे रुतला होता त्यावरून कळतं. नुसत्या गोट्यावरून मलाही नाही कळत."

"मग मी नवे काढून आणते. एसटीने एकटी जाते मी आता. बाण काढायलाही येतो मला."

आत्या जिन्याची खिडकी उघडते. बाहेर दरड नाही. रस्त्याच्या भरावासाठी पोकलेननं सगळी उचलून नेलीय. तळाशी हिरवट पाणी साचलंय, त्यात एक म्हैस बसलीय.

"कुठून काढशील?"

"सोमवारी तुझ्या कॉलेजातले सर येणार आहेत गोटे न्यायला," शाल्मली म्हणते. आवाज आता बारीक झालाय. "काही न लिहिलेले घेतील?"

"नाही घेणार. मीही घेतले नसते."

मग आत्या शाल्मलीची मूठ उघडते, आत एक ओला, मातकट गोटा दाबते आणि बोटं मिटवते. "हा मधला. धुऊ नकोस."

जाग येते तेव्हा मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर रिकामी. ती धडपडत उठून गोटे मोजते. चाळीस. सगळे स्वच्छ, सगळे सारखे. यातला कोणता, काही कळायला मार्ग नाही.

अंगठ्याच्या नखात मात्र पिवळी चिकट माती आहे. तिळाएवढी.

"शालू, हात धुऊन ये, पानं घेतलीत," आई स्वयंपाकघरातून हाक मारते.

शाल्मली अंगठा मुठीत लपवते आणि तशीच बसून राहते.