आनंदाच्या लघवीचा रंग

कॅम्प तीन नावाच्या वस्तीतल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यात आनंदाने अकरा वर्षं काढली. त्याची नखं कायमची निळी झालेली. लग्नात हळद लावली तर हात हिरवे दिसले, असं बायको किर्ती आजही आल्यागेल्याला सांगते.

पहिल्याच वर्षी त्याचा घसा धरला आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. घाबरून तो जुन्या कारागिराकडे, शिवरामकडे गेला. शिवराम खो खो हसला.

"कलर हाय रे तो! अंगात घुसतो, खालून निघतो. आता तू पक्का झालास."

सगळ्या कारखान्याची हीच समजूत. आत गेलेला निळा रंग बाहेर पडताना तांबडा कसा होईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आनंदा तर उलट खूशच झाला! पुढे घसा धरला की दरवेळी तेच, आणि दोन-तीन दिवसांत साफ. ओल्या पँटी उपसून कंबर धरली की दुखण्याची गोळी, वर तंबाखूची चिमूट. गड्याचं मस्त चाललं होतं.

गेल्या वर्षी किर्तीने त्याच्या सुजलेल्या पापण्या पाहिल्या. लघवीवरचा फेस विरत नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर तिने त्याला ओढतच अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. प्रेशर एकशेसाठ निघालं. किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव आयजीए नेफ्रोपॅथी. रोगाशी लढायला अंगात तयार होणारं द्रव्यच किडनीच्या गाळण्यांत अडकतं आणि त्यांना जखमा करतं, दुखण्याच्या गोळ्या आणि तंबाखू त्यात भर घालतात, असं बाईंनी समजावलं.

"पण मॅडम, तो कलर..."

"कलर नव्हता तो. रक्त होतं."

आनंदाचा चेहरा पडला. त्याने विचारलं, "किडनी गाळते तरी किती?"

"दिवसाला एकशेऐंशी लिटर."

लिटरची भाषा आनंदाला कळत होती. कारखान्यात एवढं पाणी फिरवायला मोटर लागते, पट्टा लागतो, दोन माणसं लागतात, शिवाय महिन्याकाठी मिस्त्री येऊन शिव्या घालतो तो वेगळाच. आणि इथे मुठीएवढ्या दोन किडन्या जखमा झालेल्या असताना, वरून त्याच्या गोळ्या आणि तंबाखू सोसत, अकरा वर्षं एक खाडा न करता राबल्या होत्या. त्याला भरून आलं. लाजही वाटली.

"दहातल्या चार गाळण्या गेल्या, त्या परत येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "लघवीतून दिवसाला अडीच ग्रॅम प्रोटीन जातंय, ते एकच्या खाली आणायचं. प्रेशर एकशेतीसच्या आत. मीठ कमी, तंबाखू बंद, मनाने दुखण्याची गोळी नाही. हे नाही पाळलं, तर डायलिसिस लवकर गाठेल."

तेव्हापासून रोज सकाळी प्रेशरची गोळी आणि दंडाला प्रेशरचा पट्टा. ताटातून लोणचं, पापड, सुकी मासळी गेली. तंबाखू दोनदा सुटून परत लागली, तिसऱ्यांदा सुटली. कंबर दुखली की किर्ती गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि सोबत चार शब्दही ऐकवायची.

आठ महिन्यांनी बाईंनी नवा रिपोर्ट उघडला. किर्तीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"प्रोटीन पॉइंट आठ. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, होतं तेवढंच आहे. वाढलेलं नाही."

बाहेर बाकावर येऊन आनंदा दोन्ही हात मागे नेऊन बरगड्यांखाली धरून बसला. किर्तीचा जीव घाबरा झाला.

"काय झालं? दुखतंय?"

"नाय गं," तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "अजून करतायत बघ काम."