चावडीवरची चार नावं

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. लासुर्ण्याजवळच्या आमच्या गावात, चावडीच्या फरशीवर आम्ही पाच जण बसलो होतो... आई, आजी, धाकटी बहीण, मी आणि आमचे चुलते आण्णा. दादा, म्हणजे आमचे वडील, जाऊन महिना झाला होता आणि तलाठी भाऊसाहेब वारसांची चौकशी करत होते.

भावाभावांची वाटणी आधीच झालेली. दादांच्या नावचं दोन एकर उसाचं रान आता कुणाच्या नावावर चढणार, एवढाच प्रश्न होता. खरं सांगायचं तर गावाला तो प्रश्नच वाटत नव्हता... ज्याला मुलगा नाही त्याचं रान भावाकडं जातं, असंच सगळे धरून चालले होते.

'वारस' हा शब्द मी तोवर हजारदा ऐकला होता. बहीण जन्मली तेव्हा ऐकला. दादा गेले तेव्हा आजी ऊर बडवून म्हणत होती, माझ्या लेकाला वारस न्हाय... आणि आम्ही दोघी तिच्याच मांडीला टेकून बसलेलो!

भाऊसाहेबांनी विचारल्यावर आण्णांनीही सरळ मनानं सांगितलं, "वारस न्हाय भाऊसाहेब. दोन पोरीच हायत्या." आण्णा लबाड नव्हते हो. त्यांना तो शब्द तेवढाच माहीत होता.

भाऊसाहेबांनी मान वर न करता आमची नावं विचारली आणि लिहिली. मग आईचं लिहिलं. मी नववीत होते, समोरून उलटी अक्षरं वाचत होते... शाळेच्या हजेरीपटाबाहेर माझं नाव पहिल्यांदाच पाहत होते.

मग त्यांनी विचारलं, मयताची आई हयात आहे का? आजी दचकली. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चाललेली बाई ती, रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव कुठं नव्हतं.

"मी लेकाची वारस कशी हुईन?" ती म्हणाली. "मागं ऱ्हातं त्ये वारस."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "तुम्हीच राहिलात ना मागं, आजी," ते हळू आवाजात म्हणाले आणि चौथं नाव लिहिलं. ठकूबाई. मयताशी नातं, आई.



नोटीस चावडीच्या भिंतीला लागली. पंधरा दिवसांत कुणाची हरकत असेल तर कळवा. आईचा जीव टांगणीला लागला, कारण हरकत घेतली तर आण्णाच घेणार होते. इकडं चारचौघं आजीला सांगून बघत होते, तुमचा हिस्सा तरी धाकट्या लेकाला सोडा, म्हातारपणी तोच बघणार आहे.

आजी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. शेवटच्या दिवशी सकाळीच काठी घेऊन निघाली आणि त्या नोटिशीखाली जाऊन बसली. पूर्वी मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या तोंडाशी राखणीला बसायची, तशी. शाळा सुटल्यावर मी पोचले तर तिथंच होती.

थोड्या वेळानं आण्णा आले. त्यांनी नोटीस पुन्हा एकदा वाचली.

आजी त्यांच्याकडं बघून म्हणाली, "तुला तुज्या बापानं दिलं. मला माज्या लेकानं दिलंय. ह्ये मी कुनाला देनार न्हाय."

आण्णा आत, भाऊसाहेबांकडं, गेलेच नाहीत. तिच्याशेजारी खाली बसले. मग त्यांनी विचारलं, भाकरी खाल्लीस का... आणि हात धरून तिला घरी घेऊन गेले. चारही नावं सातबाऱ्यावर चढली.

पुढं वर्षभरानं इंदापूरला एका बारशात नात्यातली एक बाई आईला हळहळून म्हणाली, सगळं चांगलं हाय, पर एक वारस पायजे हुता. आईनं नेहमीसारखी मान खाली घातली. या शब्दाला उत्तर असतं, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

पलीकडं सुपारी कातरत बसलेली आजी मान वर न करता म्हणाली, "हाय की. ह्या दोगी हायत्या, त्यांची आई हाय... आन मी हाय."

मी पाहुण्यांना पेढे वाटत होते. ताट हातात धरून तिच्याकडं बघतच राहिले.