गुण्याने अंथरलेलं गवत

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार. चौतीस वर्षं फरशी बसवणाऱ्या या माणसाच्या कमरेला तो कायम खोचलेला असायचा, म्हणून लोक माणसालाच गुण्या म्हणू लागले. आताशा त्याचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. गुडघे कामातून गेले होते, पण नजर अजून अशी, की लग्नाच्या मांडवात जेवायला बसला तरी आधी टेबलाचे कोपरे बघायचा.

त्याची धाकटी बहीण पाळणाघर चालवायची. दोन खोल्या आणि पुढे चोवीस बाय पंधराचं अंगण. अंगणातली गुळगुळीत फरशी गुण्यानेच बसवलेली, पाळणाघर सुरू झालं तेव्हाची भावाची भेट. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती कौतुकाने दाखवायचा. त्याच फरशीवर साडेतीन वर्षांची एक पोर धावताना घसरली आणि तिची हनुवटी फुटली. तीन टाके पडले.

पोरीच्या आईने भांडण केलं नाही, पण पाळणाघरांना परवाना देणाऱ्या कचेरीतून कागद आला. पंधरा दिवसांत अंगणात मऊ आणि सलग पृष्ठभाग घाला, जोड कुठेही उघडे नकोत, नाहीतर परवाना रद्द. परवाना गेला की पाळणाघर गेलं, आणि बहिणीची चूल त्याच्यावरच पेटत होती.

"फरशी माझी होती. खर्चही माझा," गुण्या म्हणाला.

"दादा, तुझा काय दोष त्यात?"

"माझाच. पोरं धावतात हे मला कळायला नको?"

त्या पोरीचं रडणं त्याने ऐकलं नव्हतं, तरी झोपताना ते त्याच्या कानात असायचं.

नवं कृत्रिम गवत चौरस फुटाला पासष्ट. तीनशे साठ फुटांचे तेवीस हजार चारशे. तेवढे त्याच्याकडे नव्हते. मग कुणीतरी सांगितलं, की फुटबॉलच्या एका मैदानावरचं जुनं गवत निघतंय, अठराला फूट. साडेसहा हजारांच्या आत काम! तो उड्या मारत गेला, म्हणजे त्या गुडघ्यांनी जमतील तेवढ्या.

गवत चांगलं होतं. पण मैदानाच्या गवतात वाळू भरलेली असते, हे तिथे गेल्यावर कळलं. गुंडाळी हलेना. लहान टेंपोवाल्याने नुसतं बघून गाडी वळवली. मोठा टेंपो अठ्ठावीसशेला पडला आणि चार हमालांनी सोळाशे घेतले. खाली अंथरायचा फोम त्रेचाळीसशे, जोडपट्टी आणि गोंद सत्तावीसशे. बेरीज अठरा हजारांना जेमतेम टेकली.

"चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला," बहीण म्हणाली. आणि ते खरं होतं.

दोन दिवस तो पट्ट्यांमधली वाळू झटकत आणि पाइपने धूत बसला. वाळूतून केसांची पिन निघाली, बुटाचा एक खिळा निघाला. पट्ट्यांच्या पाठीवर मैदानवाल्याने खडूने बाण काढले होते. ते टेंपोत चढवण्यासाठी असतील, असं गुण्याला वाटलं. विचारायचं होतं, पण चौतीस वर्षांच्या कारागिराने मैदान झाडणाऱ्याला काय विचारायचं! पाण्याबरोबर बाणही धुऊन गेले.

तपासणी सोमवारी अकराला होती. रविवारी दुपारी त्याने सहा-सहा फूट रुंदीच्या चारही पट्ट्या अंथरल्या. चौथीच्या एका टोकाला मैदानातली पांढरी रेघ होती. ती नेमकी फाटकाशी येत होती आणि जुनेपण उघडं पाडत होती. गुण्याने पट्टी उलट फिरवली, म्हणजे रेघ आत नळाच्या कट्ट्याकडे गेली. कट्ट्यासाठी कोपऱ्याचा दीड फुटाचा चौकोन कापावा लागणारच होता, त्यात बरीचशी रेघ निघून गेली. फरशी कशीही फिरवली तरी फरशीच राहते. स्वतःच्या हुशारीवर खूश होत त्याने जोड चिकटवले आणि घरी गेला.

सोमवारी सहाला तो फाटकाशी आला आणि जागच्या जागी थिजला.

तिरप्या उन्हात तीन पट्ट्या फिकट हिरव्या दिसत होत्या आणि चौथी काळपट, ओली असल्यासारखी. त्याने बसून तळहात फिरवला. तीन पट्ट्यांवरून हात मऊ सरकला. चौथीवर पाती टोचली. गवताची पाती एका बाजूला झुकलेली असतात, आणि चौथीची उलटीकडे झुकली होती. खडूचे बाण कशाचे होते, ते त्याला आत्ता कळलं. जोडावर दोन्हीकडची पाती एकमेकांपासून फाकून मधली काळी फट दिसत होती. लहान पोराचा अंगठा अडकेल एवढी.

"दादा, नाही कळणार त्यांना," बहीण मागून म्हणाली. "राहू दे ना."

"परत एक हनुवटी फोडायची आहे का?"

तो तिच्यावर ओरडला, पण राग स्वतःचाच होता. गरम पाणी आणि सुरीच्या पात्याने त्याने गोंद खरवडायला सुरुवात केली. अर्धवट वाळलेला गोंद तारेसारखा ताणला जायचा. जोर लावला तर पट्टी फाटणार, आणि दुसरी पट्टी आणायची कुठून? आठ वाजता मुलं यायला लागली. बहिणीने त्यांना आतल्या खोलीत घेतलं. खिडकीच्या गजांमधून अकरा जोड्या डोळे त्याच्याकडे बघत होते.

नऊला पट्टी सुटली. फिरवून टाकली, तर कट्ट्यासाठी कापलेलं भोक आता बरोबर फाटकासमोर आलं. कट्ट्याकडे आलेला कोपरा नव्याने कापला, पण गोंद खरवडताना त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. आणि आधी कापलेला चौकोन त्याने काल कचऱ्यात टाकला होता.

"कचरा गेला?"

"तो तुकडा होय? तो मी काढून घेतला," बहीण म्हणाली. "न्हाणीपुढे पाय पुसायला टाकलाय."

"धाकटे, तुझे पाय धरतो!"

तुकडा धुतला, वाळवला, पात्यांची दिशा तीनदा हाताने तपासली आणि पट्टीच्या जोडासकट चिकटवला. पांढरी रेघ जशीच्या तशी जुळून फाटकाशी उमटली. गोंदावर त्याने विटा ठेवल्या. सव्वादहा झाले होते.

तपासणीच्या बाई बरोबर अकराला आल्या. पेनचं टोक प्रत्येक जोडावरून ओढत त्या चालल्या. पहिला, दुसरा, तिसरा. फाटकाशी त्या वाकल्या आणि त्या चौकोनाच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

"हे कधी चिकटवलंत?"

"कालच, मॅडम—" बहिणीने सुरुवात केली.

"आज सकाळी," गुण्या म्हणाला. "पाऊण तास झाला. काल चुकीचं बसवलं होतं मी. गवत जुनं आहे, मैदानातलं. धुतलंय. पण हा तुकडा आणि त्याच्या लगतचा जोड अजून कच्चा आहे."

बहिणीने डोळे मिटून घेतले. बाईंनी कोपरा आणखी जरा ओढला. तो उचकटला नाही.

"गोंदाचा वास येतोय म्हणूनच विचारलं," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत इथे कुणाचा पाय पडता कामा नये." आणि त्यांनी सही केली.

बहीण मटकन पायरीवर बसून रडायला लागली. गुण्याने ताज्या जोडावर मुलांची बाकं आडवी लावली, तुकड्यावर टब पालथा घातला आणि दार उघडलं. मुलं आरडाओरडा करत बाहेर सुटली.

एक पोर उंबऱ्यातच थांबली. हनुवटीवर टाक्यांची लाल खूण होती. ती अंगणाकडे बघत होती आणि दाराची चौकट सोडत नव्हती.

"ये की," गुण्या म्हणाला. "मऊ आहे."

तिने नकाराची मान हलवली. मोठ्या माणसांवर तिचा विश्वास राहिला नव्हता, आणि गुण्याला ते पटलं.

तो दोन्ही गुडघ्यांवर बसला. डाव्या गुडघ्यातून कळ थेट कमरेत गेली. मग सगळ्या मुलांसमोर तो धाडकन पुढे पडला, हात न टेकता, हनुवटीवर. मुलं खिदळली. तो तसाच पालथा पडून राहिला.

जरा वेळाने गवतावर लहान पावलं वाजली. कुणीतरी त्याच्या तोंडाशी येऊन बसलं आणि एक बोट त्याच्या हनुवटीवर फिरलं, कुठे फुटली का ते बघत.

"दुखलं?"

"नाही," गुण्या म्हणाला. गुडघ्यांबद्दल तिने विचारलं नव्हतं.

ती उठली आणि धावत सुटली.