नापास पाणी

पुराचं पाणी नायगावजवळच्या आमच्या गावातल्या विहिरींत शिरलं, तेव्हा प्यायच्या पाण्याचा टँकर रोज यायचा. त्याच्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळे त्याला मामू म्हणायचे. कानात अत्तराचा फाया, आणि हॉर्न असा वाजवायचा, जणू वरातच घेऊन आलाय.

उतरला की म्हणायचा, "सबर करा. आधी पाण्याचा इम्तिहान." मग काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरीन आहे. "पास!" असं ओरडूनच तोटी सोडायचा.

एका सकाळी पाणी पिवळं झालंच नाही. त्याने पुन्हा थेंब टाकले. पाणी तसंच.

"आज नापास हाय. परत नेतो."

रांगेत पहिल्या आमच्या शेजारच्या काकू होत्या. "लेकरं तहानली हायेत अन् तुझे कसले नखरे रे?" म्हणत त्यांनी मामूच्या सात पिढ्या काढल्या. मीही चिडलो होतो.

"शिव्या द्या, काकू. हे पाणी न्हाई देणार," एवढंच बोलून त्याने टँकर वळवला.

दुपारी तो दुसरं पाणी भरून आला. तेही तपासलं, पास झालं. मला वाटलं, आता हा काकूंना शेवटी उभं करणार. पण त्याने पहिला तांब्या भरून त्यांच्याच हातात दिला.

"घ्या. सकाळी लई बोलल्या, घसा सुकला असंल."

काकूंनी घटाघटा पाणी पिऊन तोंड पुसलं.

"अजून निम्म्या शिव्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "आधी घागर भर."