बाहेरून तेच कुलूप

अकोल्यात मोर्णेच्या पुलाजवळ एक चावीवाले चाचा फाटक्या छत्रीखाली बसतात. अख्ख्या गल्लीतलं कोणी माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही, ते राहिले. म्हणून आधी त्यांचं नाव काढते, मग भांडणाचं सांगते.

मी इचलकरंजीची. आठवीत शाळा सुटली ती शिलाई मशीनवर बसायला. नवरा ट्रक चालवतो. अकोटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या, नांदगाव पेठेला उतरवायच्या, कधी त्याहून लांब जायचं. आधी आम्ही अमरावतीत भाड्यानं राहिलो, मग अकोल्याच्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांचं घर विकत घेतलं. नवरा पंधरा-पंधरा दिवस रस्त्यावर. घरात मी, मशीन आणि लोकांची कापडं.

परक्या गावात शिवणकाम मिळतं ते एकाच भरवशावर, की दिलेलं कापड परत येतं. एक ब्लाउजपीस जरी हरवला तरी चोरी झाली का, असं कोणी विचारत बसत नाही. शिवणारणीनंच दाबला म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात कोणी येत नाही. इथं तर मला ओळखणारंही कोणी नव्हतं.

राहायला येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एका नवरीचे रेशमी ब्लाउज कॉटवर ठेवून मी अस्तर आणायला बाजारात गेले. परत आले तर दार बंद, पण उंबऱ्यात पाणी. कॉटवरची कापडं उचलून मशीनवर ठेवलेली, आणि एका ब्लाउजच्या बाहीवर ओल्या बोटांचे डाग. कापडं तीनदा मोजली. सगळी होती. म्हणजे चावीनं दार उघडून कोणीतरी आत येऊन गेलं होतं.

ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांना फोन लावला. ते हसायलाच लागले. "नळासाठी चावी दिली होती न एखादीले! आपल्या गल्लीत तसंच असते. आता कोनाजोळ हाय ते काई याद नाई."

इथं नळ रोज येत नाही. काही दिवसांआड येतो आणि वेळेचा नेम नाही. म्हणून घरात कोणी नसलं तर पाणी भरायला शेजारी चावी ठेवायची, अशी रीत. मी शेजारच्या काकूंना विचारलं.

"माह्याजोळ कायची चावी?" त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या, मान वर केली नाही. "घर घेतल्यावर चाव्या मोजून घ्याच्या असतात वं."

नवरा फोनवर म्हणाला, ते कुलूप काढून फेक, नवीन बसव. मी पुलाजवळ गेले आणि चाचांना घेऊन आले. त्यांनी दारातलं कुलूप उघडून पाहिलं, उजेडात धरलं.

"ताला मजबूत हाय, बाई. काहून फेकता? नवीन बसवसान तं दार कोरा लागन, जुन्या भोकाले पट्टी मारा लागन. आतल्या पिना बदलून देतो. जुनी चावी आत जाईन, पन फिरनार नाई."

ते कुलपाच्या मायेनं बोलले. मी मान हलवली ती मात्र वेगळ्याच कारणानं. नवं चकचकीत कुलूप अख्ख्या गल्लीला दिसलं असतं. बाहेरची बाई आमच्यावर संशय घेते, असं झालं असतं. मला चोरी नको होती आणि भांडणही नको होतं. पिना बदलल्या तर कोणाला कळणारच नाही, असं मला वाटलं. भित्र्या माणसाची अक्कल ती तेवढीच.

पुढच्या नळाच्या दिवशी मी ब्लाउज पोचवायला गेले होते. परत आले तर गल्लीभर बादल्यांचा आवाज, आणि माझी चावी कुलपात अर्धीच जाते. मी पाठमोरी उभी होते, तोंडातून शब्द काढला नव्हता.

"बिघडलं का वं कुलूप?" काकू त्यांच्या ओट्यावरून म्हणाल्या.

पुन्हा चाचांकडे धावले. त्यांनी बारीक तारेचा आकडा घालून चावीचा तुटका तुकडा बाहेर काढला. कोणाचा, असं मला विचारलं नाही. आपल्या डब्यात टाकला. "टोक इथं हाय, तं मूठ बी कोनाजोळ असनच."

दोन दिवसांनी भरदुपारी काकू माझ्या दारात.

"त्या चावीवाल्याले का शिकवून ठेवलं तू?"

"मी? काय शिकवलं?"

"मी चावी बनवाले गेली, तं त्यानं डब्यातून तुकडा काढला अन् माह्या मुठीले जोडून दाखवला. चार लोकाईसमोर! म्हनते, त्या कुलपाच्या पिना बदलल्या, आता ज्याचं दार हाय त्याले घेऊन या. किती वर्सं मी या घरात पानी भरलं, अन् मले चोर ठरवते?"

"म्हणजे चावी तुमच्याकडंच होती."

त्यांनी पदर कमरेला खोचला.

"होती! या घरच्या नळाले जोर हाय. आमच्याकडे करंगळीएवढी धार येते. मंग का मरावं आमी? तुही फडकी नेऊन मी का करू? तुह्या पन ड्रम भरून ठेवला होता, थो नाई दिसला?"

"मग मी विचारलं तेव्हा खोटं का बोललात?"

"सांगतलं असतं तं चावी काढून घेतली असतीस. अन् तू लय सरळ हायस का? नवीन कुलूप ठोकलं असतं तं पाहूनच समजलं असतं मले. बाहेरून तेच ठेवलं अन् आतून बदलवलं! तुमच्याकडचे लोक असेच, तोंडावर गोड."

ड्रम खरंच भरलेला होता. हे मी वर लिहायला पाहिजे होतं, रागापायी गाळलं. आणि ते शेवटचं वाक्य अजून सलतं, कारण त्यात खोटं फारसं नव्हतं. पण रेशमावर उठलेली ओली बोटं मी विसरले नाही. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. त्यांचं दार आपटलं, मग माझं.

आता नळाच्या दिवशी मी घरीच थांबते. आधी माझा ड्रम भरते, मग पाइप मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकते. त्या ड्रम लावतात. आम्ही बोलत नाही. ही दया नाही. त्यांना माझ्या दाराशी यायचं कारण उरू नये म्हणून करते.

भोगलं ते चाचांनी. काकूंनी गल्लीभर सांगितलं, त्या माणसाकडे कोणी जायचं नाही. दोन घरं तर माझ्यासमोर दुसऱ्या चावीवाल्याला घेऊन आली. मी पुलाजवळ जाऊन म्हटलं, चाचा, माझ्यामुळं झालं हे. ते कानस घासत राहिले. "मूठ घेऊन येनाऱ्याले चावी बनवून दिली असती, तं माह्याजोळ कोन आलं असतं, बाई?"

त्यांच्या छत्रीला हाताएवढं भोक आहे. वऱ्हाडातलं ऊन त्यातून थेट त्यांच्या खांद्यावर पडतं आणि दिवसभर खांद्यावरून सरकत जातं. मी एकदा घरी त्यांच्या छपरासाठी ताडपत्री शिवून पाहिली, दोन सुया मोडल्या. घरच्या मशीनचं ते काम नाही. जाड कापडाचं मोठं मशीन मी घेणार आहे. त्या मशीनवर पहिली शिलाई चाचांच्या छपराची पडेल, दुहेरी टाक्याची, चारी कोपऱ्यांना दोरीसाठी कड्या लावून. आणि ते मी स्वतः पुलाजवळ जाऊन बांधीन, भरदुपारी, गल्ली बघत असताना.